चेहऱ्याची जागा

जुई बिराजदारने आयुष्यातलं पहिलं अख्खं वाक्य वाचलं तेव्हा ती तीन वर्षं दोन महिन्यांची होती. सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीच्या पेटीवर लाल रंगात ते लिहिलेलं होतं : 'ओल्या हाताने बटण दाबू नये.' बोट न लावता, न अडखळता तिने ते वाचलं आणि आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. हात कोरडे होते.

तिची आई शिवलीला घरी आली आणि फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्यात तिने तारीख आणि वेळ लिहिली. ती लातुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती, आणि मोजल्याशिवाय तिचा कशावरच विश्वास बसत नसे. मुलीचे शब्द ती मोजत होती, मिनिटाला किती वाचते ते मोजत होती, आणि अक्षरांचा आकार दर महिन्याला थोडा थोडा कमी करत होती. त्यासाठी तिने घरभर लेबलं लावली होती. रक्ताच्या नळ्यांना लावतात तीच, फ्रीजरमध्ये ठेवली तरी न सुटणारी, पाण्याने न फुगणारी. दार, खिडकी, आरसा, बादली, साखर, पोळपाट. सुरुवातीची लेबलं तळहाताएवढी होती. शेवटची नखाएवढी, आणि त्यावरची अक्षरं तांदळाच्या दाण्याहून लहान.

लातुरात हे कुणाला विचित्र वाटलं नाही. या गावाने आधी बारावीच्या मुलांचे वर्ग गाजवले, मग दहावीचे, मग सहावीचे. आता शर्यत बालवाडीच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. ज्या शाळेत पाय ठेवला की पुढच्या बारा वर्षांची काळजी मिटते असं सगळे मानत, तिथे साडेचार वर्षांच्या मुलाला मराठीचं आणि इंग्रजीचं एकेक पान वाचून दाखवावं लागे. शिवलीला स्वतः चार गुणांनी मेडिकलला हुकली होती. ते चार गुण ती कधी बोलून दाखवत नसे, पण तिचा नवरा मन्मथ म्हणायचा की घरात आपण चौघं राहतो : मी, तू, जुई आणि तुझे चार मार्क.

वाचनाची पट्टी तेव्हा बाजारात येऊन दोन वर्षं झाली होती. ती समजून घ्यायची तर आधी वाचणं म्हणजे काय ते समजून घ्यावं लागतं. माणूस बोलायला लागून लाखभर वर्षं झाली असतील, पण लिहायला लागून जेमतेम पाच हजार. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळा अवयव तयार होत नाही. मूल वाचायला शिकतं तेव्हा त्याचा मेंदू दुसऱ्या कामाची जागा उसनी घेतो. डोक्याच्या मागच्या बाजूला, कानाच्या जरा खाली, मेंदूच्या तळाशी एक घडी असते. डावीकडे एक, उजवीकडे एक. न वाचणाऱ्या माणसात या दोन्ही घड्या वस्तू ओळखतात, आणि त्याहून जास्त, चेहरे ओळखतात. मूल शाळेत जाऊ लागलं की डाव्या घडीत अक्षरं शिरतात आणि चेहरे हळूहळू उजवीकडे सरकतात. या सरकासरकीला सहज दहा वर्षं लागतात, म्हणून कुणाला काही जाणवत नाही.

पट्टी हे काम काही महिन्यांत करत असे. कपाळावरून मागे बांधायची एक मऊ पट्टी, तिच्या डाव्या टोकाला चपटी चकती. त्या चकतीतून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे मंद ठोके नेमके त्या घडीवर पडत आणि तिथल्या पेशी वीस मिनिटं ओल्या मातीसारख्या होत. त्या वेळात समोर जे धरावं ते उमटे. पाच वर्षांखालच्या मुलांना लावू नये, असं पत्रकावर लिहिलेलं होतं. शिवलीलाने नोंदणी करताना जुईचं जन्मसाल दोन वर्षांनी मागे नेलं. ती एकटी नव्हती. तिच्या ग्रुपवरच्या एकवीस आयांपैकी सतरा जणींनी तेच केलं होतं.

मराठी झपाट्याने आलं. अडचण इंग्रजीला आली. इंग्रजी अक्षरं सुरू केल्यावर तीन आठवड्यांत जुईचा मराठीचा वेग मिनिटाला साठ शब्दांवरून छत्तीसवर घसरला. दोन लिप्या एकाच जागेसाठी भांडत होत्या. पट्टी ज्यांनी बनवली त्यांनी एका लिपीचा विचार केला होता. दोन्ही एकदम, त्याही साडेचारच्या आत, हा हट्ट फक्त आपल्याकडचा. उपायही आपल्याकडचाच निघाला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'इंग्लिशसाठी पट्टी उलटी घाला.' उलटी घातली की चकती उजव्या कानामागे येत होती. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, भांडण नाही. शिवलीलाला ते इतकं स्वच्छ, इतकं तर्कशुद्ध वाटलं की हे आपल्याला का सुचलं नाही याचंच वाईट वाटलं.

नऊ आठवड्यांत जुई दोन्ही भाषा वाचू लागली. मन्मथ डाळमिलमध्ये सुपरवायझर होता, त्याने तिचा व्हिडिओ हमालांपासून मालकापर्यंत सगळ्यांना दाखवला. शाळेच्या मुलाखतीत तिने दोन्ही पानं संपवली आणि तिसरं मागितलं. बाईंनी नाव विचारलं तेव्हा तिने उत्तर बाईंच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे बघून दिलं. हल्ली ती सगळ्यांशी तशीच बोलत होती, शर्टावरच्या अक्षरांकडे बघत. शिवलीलाला त्यात एकाग्रता दिसली.

खरं काय ते तिला कळलं दिराच्या हळदीला, औशाला. सगळ्या बायका पिवळ्या साडीत होत्या. एकाच दुकानातून, एकाच ताग्यातल्या बावीस साड्या आणल्या होत्या. फोटोसाठी शिवलीलाने चष्मा काढून ठेवला होता, केस मोकळे सोडले होते, आणि लॅबचं गळ्यातलं ओळखपत्र साहजिकच घरी होतं. मांडवाच्या कोपऱ्यात जुई तिला दिसली. गंमत म्हणून ती काही न बोलता लेकीसमोर जाऊन गुडघ्यावर बसली आणि तिने हात पसरले.

जुईने तिच्याकडे पाहिलं. अगदी नीट, शहाण्या मुलीसारखं.

"काकू," ती म्हणाली, "माझी आई तुम्हाला कुठं दिसली का?"

शिवलीलाला वाटलं पोरगी खेळतेय. ती हसली. जुई हसली नाही. तिचा खालचा ओठ बाहेर आला होता आणि डोळे शिवलीलाच्या खांद्यावरून पलीकडच्या पिवळ्या गर्दीत एकेक बाई तपासत होते. "जुई," शिवलीला म्हणाली, आणि त्या एका शब्दासरशी मुलीने तिच्या गळ्यात उडी मारली. पाठीमागे 'बिराजदार व स्वामी परिवार आपले सहर्ष स्वागत करत आहे' असा फलक होता. तो जुईने गळ्यात पडल्या पडल्या मोठ्याने वाचला. आजूबाजूच्या बायकांनी कौतुक केलं. शिवलीला तिला तशीच घेऊन मांडवाबाहेर गेली.

पुण्यात डॉ. रेश्मा इनामदार या विषयावर काम करत होत्या. त्यांनी जुईला दोन तास तपासलं, पडद्यावर चेहरे दाखवले, अक्षरं दाखवली, मेंदूची चित्रं काढली. मग जुईला बाहेर खेळायला पाठवून त्या दोघांशी बोलल्या. त्या रागावल्या असत्या तर शिवलीलाला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त समजावून सांगितलं. चेहऱ्यांना सरकायला उजवी बाजू लागते, ती इंग्रजीने भरली. चेहऱ्यांना कुठेच जागा उरली नाही.

"म्हणजे तिला आम्ही दिसत नाही का?" मन्मथने विचारलं.

"दिसता की. डोळे, नाक, ओठ, सगळं दिसतं. रस्त्याकडेचा दगड तुम्हाला दिसतो ना? पण दहा दगडांत ठेवला तर उद्या तोच ओळखाल का? ती तुम्हाला आवाजावरून ओळखते, चालीवरून, वासावरून. तुमच्या अंगाला डाळीच्या भुकटीचा वास येतो, तिने मला सांगितलं. मॅडमचं कार्ड वाचते. आणि तिला हे वेगळं वाटत नाही. सगळे असेच ओळखतात असं तिला वाटतं."

उपाय एकच होता, तोही खात्रीचा नव्हता. मेंदू भरलेली जागा सहजी सोडत नाही, पण वापर पूर्ण थांबला तर पकड सैल होते. पाच वर्षांनंतर तीही होत नाही. जुईला पाच पूर्ण व्हायला सत्त्याण्णव दिवस होते. नव्वद दिवस तिच्या डोळ्यांपुढे एकही अक्षर येऊ द्यायचं नाही, कुठल्याच लिपीतलं नाही. आणि रोज वीस मिनिटं तीच पट्टी, तशीच उलटी, पण समोर अक्षराऐवजी आईचा चेहरा. आवाज नाही, हसणं नाही, रडणं नाही, ओळखीची कुठलीही खूण नाही. नुसता चेहरा.

घरातून अक्षरं काढणं किती कठीण असतं ते पहिल्या दिवशी कळलं. कॅलेंडर, औषधं, बिस्किटांचे पुडे ही सोपी होती. पण शेगडीच्या बटणांवर अक्षरं होती, चपलेच्या टाचेवर होती, साबणात कोरलेली होती, स्टीलच्या डब्यांवर शिवलीलाच्या आईचं नाव घातलेलं होतं. मन्मथने खिडक्यांना कागद लावले, कारण समोरच्या गल्लीत क्लासेसचे सहा फलक होते. शिवलीलाने शाळेला दोन ओळींचं पत्र लिहून मिळालेली जागा सोडली. मग ती घरभर फिरून, एकेक करत, आपणच लावलेली लेबलं सोलत राहिली. ती लावताना जेवढा वेळ लागला होता त्याच्या चौपट काढताना लागला. यादीत दोनशे चौदा होती, मोजली तर दोनशे तेरा भरली. एखादं केरात गेलं असेल, मन्मथ म्हणाला. यादी तपासत बसायला ती त्या दिवशी फार थकलेली होती.

रोज संध्याकाळी पाच वाजता ती वीस मिनिटं सुरू होत. मन्मथची धाकटी बहीण गौरी नुकतीच शिकायला त्यांच्याकडे राहायला आली होती आणि अंगापिंडाने शिवलीलासारखीच होती. दोघी लॅबचे पांढरे कोट घालत, केस टोपीत कोंबत, पायात मोजे चढवत. शिवलीला मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी आणि चष्मा काढून ठेवी. दोघी एकाच साबणाने हात धूत आणि दोन स्टुलांवर शेजारी शेजारी बसत. मग जुई पट्टी बांधून आत येई. दोघींपैकी आई कोण, तिच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. सहा वेळा, दर वेळी पडद्याआड जागा बदलून. वेळ संपल्याची घंटा वाजेपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. मन्मथ दाराशी उभा राहून कागदावर दोनपैकी एका चौकटीत खूण करी : बरोबर किंवा चूक.

तीन बरोबर, तीन चूक. दोन बरोबर, चार चूक. चार, दोन. तीन, तीन. शिवलीलाला आकडेवारी कळत होती. नाणं उडवलं असतं तरी हेच आलं असतं.

आकड्यांपेक्षा ती वीस मिनिटं वाईट होती. दिवसभर मुलगी तिच्या आवाजामागे घरभर फिरायची, मांडीत येऊन बसायची. पाच वाजले की तीच मुलगी दोन हात अंतरावर उभी राहून तिच्याकडे दुकानातल्या पुतळ्याकडे बघावं तसं बघायची. शिवलीला चेहरा स्थिर ठेवायची. डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. पण जुईचा हात गौरीच्या गुडघ्यावर पडला की कधी कधी तिला ते जमत नसे, आणि मग ती खाली बघत राही, घंटेची वाट पाहत.

"आता मलाच एक लेबल लाव, शिवलीला," मन्मथ एकदा म्हणाला. चहा घेत होते तेव्हा. "मिलमधून येताना आंघोळ करून आलो तर पोरगी मला दारातच उभं करायली." तो हसवायला बोलला होता. दोघांनाही हसू आलं नाही.

त्रेचाळिसाव्या दिवशी सहापैकी सहा बरोबर आले.

मन्मथने कागद दोनदा पाहिला. चव्वेचाळिसाव्या दिवशी पुन्हा सहा. पंचेचाळिसाव्या दिवशी गौरीने आणि शिवलीलाने कोट अदलाबदल केले, तरी सहा. शिवलीलाने मनातल्या मनात गणित केलं : नुसत्या नशिबाने अठरापैकी अठरा येण्याची शक्यता अडीच लाखांत एक. तिने डॉक्टरांना फोन केला तेव्हा तिला नीट बोलता येईना. डॉ. इनामदारही हरखल्या. एवढ्या लवकर अपेक्षा नव्हती, त्या म्हणाल्या, पण लहान मेंदू कधी कधी चकित करतात. आणखी सहा दिवस असंच राहिलं तर सातव्या दिवशी व्हिडिओवरून मी स्वतः बघेन.

सहा दिवस तसंच राहिलं. त्या आठवड्यात घरात पुरणपोळी झाली. मन्मथने खिडकीचा एक कागद कोपऱ्यातून सोडवला आणि उजेड आत येऊ दिला.

सातव्या दिवशी सकाळी शिवलीलाने धुवायला टाकण्यासाठी आपला कोट उचलला. डाव्या बाहीला कोपराच्या मागे, घडीत, तिच्या बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं. नखाएवढं, पांढऱ्यावर पांढरं. चष्मा लावून तिने वाचलं.

पोळपाट.

मग स्वयंपाकघरात जाऊन तिने पोळपाट उलटा केला. खाली, मधल्या पायाशी, लेबलाएवढा एक चौकोन आजूबाजूच्या लाकडापेक्षा स्वच्छ होता. दोनशे चौदावं.

जुई फरशीवर ठोकळे रचत होती. शिवलीला तिच्यासमोर बसली. रागावायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि बसल्यावर कळलं की राग आलेलाच नव्हता.

"जुई, हे तू लावलंस?"

जुईने आवाजाकडे बघून मान हलवली.

"कधी लावतेस गं?"

"आत जायच्या आधी. तू गळ्यात घेतीस ना, तवा." तिने एक ठोकळा दुसऱ्यावर ठेवला. "तू आत्याचा कोट घातलास, तर मी त्यालाच लावलं. मग तू कळतीस."

"पण यावर तर पोळपाट लिहिलंय, बाळा."

"असू दे की. पोळपाटवाली आई." तिला त्यात काहीच खटकत नव्हतं. "लेबल नसलं की माझं चुकतंय. चुकलं की आई रडती."

गौरी दारात उभी होती. ती कधी आली ते शिवलीलाला कळलं नाही. वैनी, मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं, ती खाली मान घालून म्हणाली. सांगणार होते. पण दादाने सहा खुणा केल्या आणि तुमचा चेहरा असा झाला की बोलायला तोंडच उघडलं नाही.

डॉ. इनामदारांना शिवलीलाने दुपारी फोनवर सगळं सांगितलं, कारण खोटी नोंद पाठवणं तिला शक्य नव्हतं. ते लेबल जुईकडे कधीपासून होतं, एवढंच त्यांनी विचारलं. शिवलीलाला माहीत नव्हतं. कदाचित पहिल्या दिवसापासून, मुठीत, उशीखाली. म्हणजे एवढे दिवस ती रोज वाचत होती, एकच शब्द, पण वाचत होती. शब्द एक असला तरी जागा अख्खी जागी राहते, डॉक्टर म्हणाल्या. मग त्या म्हणाल्या, थांबवू नका. आज धरून एकोणचाळीस दिवस आहेत अजून. काही होईल असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि शिवलीलाने ते विचारलं नाही.

पाच वाजले. कोट, टोपी, मोजे. मंगळसूत्र डबीत, चष्मा डबीवर. आत जायच्या आधी जुई गळ्यात पडली तेव्हा तिची बोटं सवयीने शिवलीलाच्या बाहीकडे गेली आणि रिकामीच परत आली. तिने काही मागितलं नाही.

मन्मथ कागद घेऊन दाराशी उभा राहिला. घंटा लावली. पट्टी बांधून जुई आत आली आणि दोन स्टुलांसमोर थांबली.

आधी तिने बाह्या बघितल्या. उजवीकडच्या बाईची डावी बाही, डावीकडच्या बाईची डावी बाही. मागे जाऊन बघितलं, खाली वाकून बघितलं. मग समोर येऊन ती कितीतरी वेळ उभी राहिली. दोन मिनिटं, तीन. शेवटी तिने जरा घाबरत गौरीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आणि हात तिथेच ठेवून तिने मान वळवली आणि दुसऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच या चेहऱ्याकडे एवढा वेळ बघत होती. पण ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं ते बघणं नव्हतं. चुलीवरच्या पाण्याला उकळी कधी येते याची वाट बघावी, तसं होतं.

शिवलीलाने दात आवळले. भिंतीवर जिथे कॅलेंडर होतं त्या मोकळ्या चौकोनाकडे नजर लावली. ती श्वास मोजू लागली, तीन, चार, पाच. मुलगी वाट बघत राहिली. सातव्या श्वासाला शिवलीलाच्या डोळ्यातून एक थेंब निसटला आणि गालावरून हनुवटीपर्यंत गेला.

जुईने गौरीच्या गुडघ्यावरचा हात काढला आणि शिवलीलाच्या गुडघ्यावर ठेवला.

"ही," ती मन्मथला म्हणाली. तिचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसत होता. "ही आई."

मन्मथचं पेन कागदावर टेकलेलं होतं. त्याने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग त्याने कागद शिवलीलाकडे वळवून धरला, दोन्ही रिकाम्या चौकटींवर एकामागून एक पेनाचं टोक ठेवलं आणि भुवया उंचावून विचारलं.

शिवलीलाने आयुष्यात एकही रकाना कोरा सोडला नव्हता. घंटा वाजायला अजून चौदा मिनिटं होती, आणि तोवर कुणी बोलायचं नव्हतं.